कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन: जुन्या पिकअपमध्ये नेमकं काय बदलतं?

"कार्ब्युरेटर उतरवा, त्याच चार बोल्टवर हा संच बसवा, चार वायरी जोडा आणि सेल मारा." साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी पिकअपसाठी जे इलेक्ट्रॉनिक फ्यूएल इंजेक्शनचे संच मिळतात, त्यांची जाहिरात साधारण अशी असते. गंमत म्हणजे ती खोटी नसते. बोल्ट खरंच जुळतात, वायरीही मोजक्याच असतात. तरी संच बसवलेल्यांच्या तक्रारी त्याच त्या: गाडी तापली की बंद पडते, आयडलला, म्हणजे उभ्या जागी चालू असताना, गचके खाते, पंप ओरडतो, केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. शेवटी माणूस वैतागून म्हणतो, यापेक्षा जुना कार्ब्युरेटर बरा होता.

यातल्या बहुतेक तक्रारींचा वर बसवलेल्या डब्याशी काही संबंध नसतो. डबा बदलणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. खरं काम टाकीत, नळ्यांत आणि वायरिंगमध्ये असतं, आणि तिथेच लोक घाई करतात.

## कार्ब्युरेटर काय करतो?

पेट्रोल नीट जळायला हवेचं प्रमाण ठरलेलं आहे. 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते. वजनात सांगितलं की हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून आकारमानात पाहू: 1 लिटर पेट्रोल जाळायला सुमारे 9 हजार लिटर हवा लागते. यापेक्षा पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण 'रिच', कमी झालं तर 'लीन'. रिच मिश्रणाने प्लग काळे पडतात आणि पेट्रोल वाया जातं. लीन मिश्रणाने इंजिन मिसिंग मारतं, आणि ओझं ओढताना फार लीन झालं तर तापून व्हॉल्व्ह-पिस्टनपर्यंत नुकसान होतं.

हे प्रमाण कार्ब्युरेटर कोणत्याही विजेशिवाय सांभाळतो. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि शेजारच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, ओढलं जातं. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त ओढलं जातं. एवढ्या साध्या युक्तीवर गाड्या कित्येक दशकं चालल्या, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही.

अडचण येते ती रोजच्या वापरात. इंजिन गार असताना पेट्रोल नीट वाफाळत नाही, म्हणून चोक. आयडलला गळ्यातून जाणारी हवा इतकी थोडी की ओढ तयारच होत नाही, म्हणून आयडलची वेगळी वाट. पाय झटकन दाबला की हवा लगेच आत येते पण पेट्रोल मागे रेंगाळतं, म्हणून त्या क्षणी पिचकारी मारणारा छोटा पंप. चढावर जास्त पेट्रोल हवं, म्हणून पॉवर व्हॉल्व्ह. एकेका अडचणीवर एकेक यांत्रिक उपाय जोडत नेला की क्वाड्राजेटसारखा चार तोंडांचा कार्ब्युरेटर तयार होतो. तो उघडून टेबलावर मांडला की बनवणाऱ्याच्या डोक्याला हात जोडावेसे वाटतात, आणि परत जोडताना त्याच डोक्याला शिव्या द्याव्याशा वाटतात.

पण एक गोष्ट त्याला मुळातच जमत नाही. आपण दिलेलं मिश्रण बरोबर होतं की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. समुद्रकाठी नीट लावलेला कार्ब्युरेटर घेऊन अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात, म्हणजे सुमारे 1,600 मीटर उंचीवर गेलात, तर तिथली हवा साधारण 15 टक्के विरळ असते. जेट मात्र तेच. मिश्रण रिच होतं आणि ते कुणी हाताने बदलेपर्यंत तसंच राहतं.

## इंजेक्शन वेगळं काय करतं?

इथे पेट्रोल ओढलं जात नाही, दाबाने फवारलं जातं. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा बारीक नळ. तो किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा, हे ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात.

ईसीयूला त्यासाठी माहिती लागते. इंजिन किती आरपीएमवर फिरतंय, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात, दाब किती आहे, आत येणारी हवा किती गरम आहे, कूलंट किती तापलंय, पाय किती दाबलाय. दाब, तापमान आणि फेरे कळले की सिलेंडरमध्ये किती हवा गेली याचा हिशेब करता येतो. ही कल्पना आजची नाही. बॉशची डी-जेट्रॉनिक ही पद्धत 1967 साली फोक्सवॅगन 1600 मध्ये आली, तीही मॅनिफोल्डमधला दाब मोजूनच चालायची. पिकअपपर्यंत हे पोहोचायला वेळ लागला. फोर्डने एफ-150 च्या 5 लिटर व्ही-8 ला 1985 मध्ये इंजेक्शन दिलं, शेव्हरोलेच्या पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये ते 1987 मध्ये सरसकट आलं. म्हणजे शेव्हरोलेच्या ज्या सी-10 आणि फोर्डच्या ज्या एफ-100 गाड्यांवर आज हे संच चढवले जातात, त्या इंजेक्शनच्या थोड्याच आधीच्या पिढीतल्या.

सगळ्यात महत्त्वाचा सेन्सर मात्र शेवटी, सायलेन्सरच्या पाइपात बसतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते तो पाहतो, आणि त्यावरून दिलेलं मिश्रण रिच होतं की लीन हे ईसीयूला सांगतो. कार्ब्युरेटर म्हणजे कानात बोळे घालून गाणारा गवई. तालीम पक्की असेल तर तोही सुरात गातो, पण सूर ढळला तर त्याचं त्याला कळत नाही. इंजेक्शनच्या गवयाला स्वतःचा आवाज ऐकू येतो, तो गाता गाता सावरतो. मात्र समोरचा तंबोराच बेसूर लागलेला असेल, तर हा गवई त्या बेसुरालाच प्रामाणिकपणे सूर मिळवत जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सायलेन्सरपाशी लागेल.

बाजारात मिळणारे बहुतेक संच 'थ्रॉटल बॉडी' प्रकारचे असतात. कार्ब्युरेटरच्याच जागी, दिसायलाही जवळपास तसाच डबा बसतो आणि त्यातले इंजेक्टर तिथेच फवारा सोडतात. दुसरा प्रकार प्रत्येक सिलेंडरच्या तोंडाशी वेगळा इंजेक्टर देतो. तो जास्त नेमका असतो, पण त्याला मॅनिफोल्ड बदलावं लागतं. रोज चालवायच्या जुन्या पिकअपला पहिला प्रकार पुरतो असं माझं मत आहे. पहिल्यात पेट्रोल मॅनिफोल्डच्या लांब वाटेने जातं, त्यामुळे आठही सिलेंडरना अगदी सारखं मिळत नाही. पण ते कार्ब्युरेटरच्या काळातही मिळत नव्हतंच.

## पेट्रोलची वाट: खरं काम इथे आहे

जुन्या पिकअपमध्ये इंजिनला जोडलेला यांत्रिक पंप असतो. तो साधारण 5 ते 7 पीएसआय (दाबाचं एकक) दाब देतो. थ्रॉटल बॉडीच्या अनेक संचांना 58 पीएसआयच्या आसपास दाब लागतो, म्हणजे जवळपास दहापट. या एका आकड्यातून बाकीचं सगळं निघतं.

जुना पंप निकामी ठरतो, इलेक्ट्रिक पंप लागतो. इलेक्ट्रिक पंप ढकलायला तगडा, पण ओढायला अगदी कमकुवत. इंजिनजवळ, टाकीपेक्षा उंचावर बसवला तर तो ओरडतो, तापतो आणि लवकर मरतो. त्याची जागा टाकीच्या शेजारी, खालच्या पातळीवर. त्याहून उत्तम म्हणजे टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला. पेट्रोलच त्याला गार ठेवतं आणि आवाजही दबतो.

नंतर नळ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी विकली जाणारी साधी रबरी नळी, जिच्यावर 'जे30 आर7' असं छापलेलं असतं, ती या कामाची नाही. इंजेक्शनच्या दाबाला 'आर9' किंवा त्याहून वरची नळी लागते, आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला 'आर10'. पट्टीला आरपार खाचा असलेला नेहमीचा क्लॅम्पही चालत नाही, तो नळीला चावतो. कडा गुळगुळीत असलेला, इंजेक्शनसाठीचा क्लॅम्प लागतो. 6 पीएसआयला नळी सुटली तर खाली पेट्रोल ठिबकतं. 58 ला सुटली तर गरम इंजिनावर फवारा उडतो. इथे काटकसर करायची नाही.

परतीची नळीसुद्धा बहुतेक संचांना लागते. पंप सतत पूर्ण जोराने चालतो, इंजिन त्यातलं थोडंच घेतं आणि उरलेलं टाकीत परत जायला हवं. काही जण टाकीला नवं भोक पाडायचा कंटाळा करून ही परतीची नळी पंपाकडे जाणाऱ्या नळीलाच टी लावून जोडतात. मग तेच तापलेलं पेट्रोल गोल गोल फिरत राहतं, त्यात बुडबुडे होतात आणि गाडी उन्हात बंद पडते. दोष मात्र संचाला दिला जातो.

टाकीबद्दल अजून एक. 1967 ते 1972 च्या शेव्हरोले पिकअपमध्ये आणि त्याच काळातल्या एफ-100 मध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असते. आता त्या टाकीला जास्त दाबाच्या नळ्या जोडायच्या म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीशी जोखीम वाढवायची. म्हणून पुष्कळ लोक याच कामात टाकी मागे, सामानाच्या हौद्याखाली चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये हलवतात. खर्च वाढतो, पण सीटमागची जागा मोकळी होते आणि वास कायमचा जातो. टाकी जुनीच ठेवायची असेल तर आतला गंज साफ करा आणि पंपानंतर, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत इंजेक्शनचा बारीक फिल्टर लावा. कार्ब्युरेटर थोडी घाण पचवतो, इंजेक्टर पचवत नाही. आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग घरी करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त भयंकर.

जुन्या टाकीत आडवे पडदेही नसतात. पेट्रोल पाव टाकीवर आलं आणि जोरात वळण घेतलं, की ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरमध्ये छोट्या टाकीचा साठा असल्याने अशी दोन-चार सेकंदं निभतात. इंजेक्शनला साठा नाही, इंजिन तिथल्या तिथे अडखळतं. पंपासकट टाकीत बसणारा छोटा कप घेतला तर हा प्रश्न सुटतो.

## विजेची वाट

पंप, इंजेक्टर, ईसीयू आणि धुरातला सेन्सर गरम ठेवणारी आतली कॉइल, हे सगळं मिळून चांगलाच करंट खातं. एकटा पंपच 7-10 अँपिअर घेऊ शकतो. जुन्या गाडीतला डायनॅमो किंवा 35-40 अँपिअरचा अल्टरनेटर दिवे, वायपर आणि हीटर एकदम चालू असताना हा भार ओढत नाही. 6 व्होल्टची गाडी असेल, तर आधी सगळी 12 व्होल्टवर न्यावी लागते.

ईसीयूच्या मुख्य लाल आणि काळ्या वायरी थेट बॅटरीच्या टोकांना जातात. चासीला अर्थिंग देऊन भागत नाही, कारण रंग, गंज आणि पन्नास वर्षांचा मळ यांतून गेलेला अर्थ प्रत्येक सेन्सरचं माप थोडं थोडं चुकवतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते किल्लीच्या वायरीवर. ईसीयूला एक वायर अशी हवी असते जिच्यात किल्ली फिरवल्यावर 12 व्होल्ट येतात. फ्यूज बॉक्समध्ये अशा जागा बऱ्याच असतात: रेडिओची, हीटरची. पण जुन्या गाड्यांत सेल मारताना यातल्या काही जागा बंद होतात, म्हणजे सगळा करंट स्टार्टरला मिळावा. अशा जागेवर वायर लावली तर चित्र असं दिसतं: किल्ली 'ऑन' केली की पंप दोन सेकंद घुं करतो, संचाची छोटी स्क्रीन उजळते, सगळं ठीक. सेल मारला की स्क्रीन विझते, इंजिन नुसतं फिरतं आणि लागत नाही. किल्ली सोडली की स्क्रीन परत उजळते. माणूस इंजेक्टर तपासतो, पंप बदलतो, कंपनीला फोन करतो. मल्टिमीटरची एक सुई त्या वायरीला, दुसरी बॅटरीच्या काळ्या टोकाला लावा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा शून्यावर आला की चोर सापडला. काटा 12 वरून 10 च्या आसपास उतरणं चालतं, शून्य चालत नाही.

आवाजाचा, म्हणजे विजेच्या गोंगाटाचा त्रासही खरा आहे. प्लगच्या जुन्या तांब्याच्या वायरी प्रत्येक ठिणगीला रेडिओसारख्या लहरी सोडतात. त्या ईसीयूच्या वायरीत शिरल्या की आरपीएमचा आकडा उड्या मारतो. कार्बनच्या किंवा गुंडाळीच्या सप्रेशन वायरी वापरायच्या, आणि सेन्सरच्या वायरी कॉइल-डिस्ट्रिब्युटरपासून लांबून न्यायच्या.

## सायलेन्सर आणि तो तंबोरा

धुरातल्या सेन्सरसाठी पाइपाला एक बोळकं वेल्ड करावं लागतं. ते पाइपाच्या वरच्या अंगाला, किंचित तिरकं हवं, नाहीतर गार इंजिनच्या धुरातलं पाणी सेन्सरवर साचून तो तडकतो. इथवर सोपं.

पण धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जुना गॅस्केट फुंकत असेल, तर दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची ताजी हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो सांगतो, मिश्रण लीन आहे. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. हवा तेवढीच येत राहते, ईसीयू आणखी वाढवतो. प्लग काळे, धूर काळा, स्क्रीनवर मात्र 'लीन'. एखादा सिलेंडर मिसिंग मारत असेल तरी हेच होतं, कारण न जळलेल्या हवेचा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो.

## 'स्वतः शिकतो' म्हणजे किती शिकतो?

सुरुवातीला तुम्ही इंजिन किती लिटरचं, किती सिलेंडर, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) साधा की उग्र एवढं सांगता. ईसीयू त्यावरून एक तक्ता धरतो: इतक्या आरपीएमला, इतक्या दाबाला इतकं पेट्रोल. मग गाडी चालत असताना धुराच्या मापावरून त्या तक्त्यातला एकेक चौकोन दुरुस्त करतो. म्हणून पहिल्या फेऱ्या वेगवेगळ्या वेगाने, चढ-उताराने मारायच्या. एकाच वेगाने हायवेवर शंभर किलोमीटर गेलात तर थोडेच चौकोन शिकले जातात.

शिकणं सुरू होतं इंजिन तापल्यावर. गार सुरुवातीला किती जादा पेट्रोल, आणि पाय झटकन दाबल्यावर किती पिचकारी, हे तो सहसा आपोआप शिकत नाही. ते स्क्रीनवरून तुम्हालाच थोडं थोडं लावावं लागतं. सकाळी गाडी पहिल्या सेलला लागून लगेच मरते, दुसऱ्या वेळी चालते, अशी तक्रार असेल तर याच आकड्यांकडे पाहा.

## पण मग पॉवर आणि ॲव्हरेज?

पॉवर: फारशी नाही. पूर्ण थ्रॉटलवर नीट लावलेला कार्ब्युरेटर अशा थ्रॉटल बॉडीच्या तोडीस तोड ताकद देतो. फरक जाणवतो तो गार सुरुवातीत, डोंगरात, आणि तापलेली गाडी दहा मिनिटं थांबवून परत सुरू करताना. त्या दहा मिनिटांत खालच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. इंजेक्शनमध्ये ते दाबाखाली असतं, आणि दाब वाढला की उकळायचं तापमानही वाढतं.

ॲव्हरेज तुमचा आधीचा कार्ब्युरेटर किती बिघडलेला होता त्यावर. चोक अडकलेल्या, रिच चालणाऱ्या गाडीत फरक खिशाला कळेल. नीट लावलेल्या गाडीत संचाची किंमत पेट्रोलमधून वसूल होईल या भ्रमात राहू नये.

## 'रस्त्यात बंद पडली तर स्क्रू-ड्रायव्हरने सुरू होणार नाही'

हा आक्षेप मला पटतो. कार्ब्युरेटर आजारी पडतो, कुरकुरत घरी आणतो. पंप मेला की इंजेक्शनची गाडी तिथेच उभी राहते. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्का मारूनही उपयोग नाही, कारण ईसीयू आणि पंपालाच वीज नाही. दुसरी बाजू अशी की बंद पडायची कारणं बहुतेक वेळा पंप, रिले, फ्यूज आणि सैल जोड यांतच सापडतात. एक जादा रिले, फ्यूज आणि लांबच्या प्रवासाला एक जादा पंप डिकीत नाही तर सीटखाली ठेवावा. सेन्सर गेला तर बरेच ईसीयू ठरीव आकडा धरून गाडी कशीबशी चालवतात.

अपघातात पंप चालू राहिला तर काय, अशी भीतीही असते. इंजिनचे फेरे थांबल्याचं कळताच ईसीयू पंप बंद करतो. अट एकच, पंप ईसीयूच्याच रिलेवर हवा. सोय म्हणून तो थेट किल्लीवर जोडला तर हे संरक्षण गेलं.

## मूळ गाडीचं काय? आणि कायद्याचं?

डबा उतरवून परत कार्ब्युरेटर बसवता येतो, फक्त धुरातला सेन्सर काढून बोळक्याला बूच लावायचं, वीज नसलेला सेन्सर गरम धुरात खराब होतो. टाकी हलवली तर मात्र मूळपण गेलंच. कायदा जागेप्रमाणे बदलतो. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी नाही, 1976 पासूनच्या गाडीवर मात्र तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच संच चालतो.

## संच मागवण्याआधी

कॉम्प्रेशन मोजा. व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिर राहतो का पाहा. डिस्ट्रिब्युटरचा दांडा हाताने हलवून झीज तपासा, टायमिंग लावा, मॅनिफोल्डचे गॅस्केट बदला. एवढं करून गाडी सुधारली आणि तुमचं समाधान झालं, तर कार्ब्युरेटर ठेवा. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

संच बसवलात, तर काही दिवसांनी स्क्रीनवर शिकलेल्या दुरुस्तीचे टक्के उघडून पाहा. बहुतेक चौकोनांत 5-10 टक्क्यांची वजाबाकी-बेरीज असेल तर गाडी जागेवर आहे. सगळीकडे एकाच दिशेला 20-25 टक्के दिसले तर ईसीयू कुठलातरी दोष झाकतोय: पेट्रोलचा दाब गेजने मोजा, मग सायलेन्सरची गळती शोधा, मग सुरुवातीला इंजिनचा आकार बरोबर भरला होता का ते तपासा.